पावसात भिजणारे इंजिन आणि प्रेशर वॉशर

मोटारमालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक सल्ला फिरतो आहे. त्याचा आशय असा: पावसाळाभर गाडी भिजते तरी इंजिनाला काही होत नाही, तेव्हा पाण्याची भीती हा गॅरेजवाल्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, इंजिन चालू आणि गरम असतानाच त्यावर रॉकेल किंवा डिझेल फवारावे, म्हणजे मळ चटकन सुटतो, मग प्रेशर वॉशरने धुऊन वरून चकाकीचा स्प्रे मारावा, असे स्वच्छ इंजिन थंड राहते आणि अ‍ॅव्हरेज वाढते. यातले पावसाचे वाक्य अर्धे खरे आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीची वाक्ये खपून जातात.

पावसात बॉनेट मिटलेले असते. आत जे पाणी पोहोचते ते चाकांनी उडवलेले, खालून येणारे शिंतोडे असतात, आणि वायरिंगच्या कनेक्टरांना रबरी सील बसवलेले असतात ते अशाच शिंतोड्यांसाठी. टायरमध्ये आपण 32-33 पीएसआय, म्हणजे सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो. घरगुती प्रेशर वॉशरचा पंप 100 बारच्या पुढचा दाब देतो. नोझल हातभर लांब धरले तर तो जोर बराच उतरतो हे खरे. परंतु कोपऱ्यातला चिकट मळ काढताना ते लांब कोण धरतो? त्या धारेपुढे सील दबतो, पाणी पिनांपर्यंत जाते, आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तेथेच राहून पिना हळूहळू गंजवते. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला तर सीलच नसतो. तो वाऱ्याने थंड व्हावा म्हणून त्याच्या अंगाला मुद्दाम झरोके ठेवलेले असतात.

आमच्या सोसायटीतल्या एका पेट्रोल गाडीचे इंजिन वॉशिंग सेंटरवर असेच धुतले गेले. गाडी घरापर्यंत नीट आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती थरथरू लागली, मिसिंग करू लागली आणि चेक इंजिनचा दिवा लागला. वरचे प्लास्टिकचे कव्हर काढून तिसऱ्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉईल उपसली, तर प्लगच्या खोलगट भोकात बोटभर तांबूस पाणी साचलेले होते आणि कॉईलचे रबरी टोक त्यात बुडालेले होते. स्क्रूड्रायव्हरला चिंधी गुंडाळून ते टिपले, पंक्चरवाल्याकडच्या नळीने हवा मारली, कॉईल उन्हात वाळवली, तेव्हा गाडी सुधारली. तसेच चालवत राहिले असते तर कॉईल बदलण्याची पाळी येऊ शकली असती, आणि न जळलेले पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तोही बिघडला असता.

सल्ल्यातला सर्वांत घातक भाग गरम इंजिनावर रॉकेल मारण्याचा आहे. सुमारे 38 अंश सेल्सिअसला रॉकेलची वाफ ठिणगीने पेटू शकते. विदर्भात मे महिन्यात हवाच त्याहून तापलेली असते. सुमारे 210 अंशांना तर ठिणगीचीही गरज उरत नाही, आणि नुकताच घाट चढून आलेल्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ, याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. शिवाय कूलंटच्या नळ्या आणि फॅनबेल्ट यांचे रबर बहुधा तेल न सोसणाऱ्या जातीचे असते. रॉकेल-डिझेलने ते फुगते, मऊ पडते, बेल्ट घसरू लागतो. चालू इंजिनात हात, बाही किंवा ओढणी बेल्टमध्ये अडकण्याचा धोका आहे तो निराळाच. तापलेल्या धातूवर गार पाणी पडून तडा जाणे क्वचित घडते हे मान्य केले, तरी वाफेने हात भाजायला एकदाच पुरते.

इंजिन थंड राखण्याचे काम कूलंट आणि रेडिएटर करतात. रेडिएटरच्या जाळीत चिखल किंवा किडे बसले असतील तर ते काढल्याने फरक पडतो. वरच्या कव्हरवरची धूळ पुसल्याने अ‍ॅव्हरेज वाढत नाही. चकाकीचा स्प्रे बेल्टवर उडाला तर तो घसरतो, आणि त्यातले काही प्रकार इतके चिकट असतात की पुढच्या आठवड्यात धूळ दुप्पट बसते.

मग घरी करावे काय? इंजिन हात ठेवण्याइतके निवल्यावर, किल्ली काढून, दहा नंबरच्या पान्याने आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. काही गाड्यांचा रेडिएटर फॅन किल्ली बंद असतानाही फिरतो. काचेखालच्या जाळीत गुलमोहराची पाने अडकलेली असतात, ती हाताने उचलावीत, नाहीतर पाण्याची वाट तुंबून ते गाडीच्या आत उतरते. नंतर जुना रंगाचा ब्रश आणि ओलसर फडके. तेलकट डागांवर पाण्यात विरघळणारा डिग्रीझर फडक्यावर घेऊन लावावा, थेट फवारू नये. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचे तोंड आणि सीएनजीचा रेग्युलेटर यांना कोरडे फडकेच लावावे. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबली जास्त व्होल्टेजच्या असतात, त्यांना तेही नको.

पुसण्याआधी टॉर्चच्या उजेडात एकदा सगळे पाहून घ्यावे, कारण तेलाचा ओघळ कोठून निघाला हे मळच सांगतो. जुनी गाडी विकत घेताना लखलखीत इंजिन दिसले की मला म्हणूनच शंका येते. पुसून झाल्यावर रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा, आणि चार दिवसांनी तीच जागा पुन्हा ओली दिसली तर तेथले गॅस्केट, म्हणजे सांध्यातून तेल गळू न देणारी पट्टी, बदलून घ्यावे. त्या कामासाठी मात्र त्याच गॅरेजवाल्याकडे जावे लागते.