खुलासा: सोड्याच्या पाण्याने रक्त 'अल्कलाइन' (आम्लाच्या उलट, क्षारधर्मी) होत नाही

"रोज सकाळी चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यातून घ्या, रक्त अल्कलाइन होईल, कॅन्सर जवळ येणार नाही" हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांत तीनदा आला. पुरावा म्हणून लघवीत बुडवलेल्या, रंग बदलून आम्ल की अल्कलाइन ते दाखवणाऱ्या पट्टीचा फोटो आहे.

पट्टीचा रंग बदलतो, हे खरं. पण तो लघवीमुळे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट; त्यातलं जास्तीचं बायकार्बोनेट मूत्रपिंडं बाहेर टाकतात, तेच तिथे दिसतं. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच (आम्ल की अल्कलाइन हे सांगणारं माप) ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यानच राहतो. आम्ल वाढलं की रक्तातलं बायकार्बोनेट ते पकडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि उच्छ्वासातून निघून जातो. थोडा वेळ श्वास रोखून बघा. जी घुसमट होते ती मुख्यतः हाच वायू साठल्यामुळे.

मेसेजमध्ये जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांचं नाव आहे. त्यांना १९३१ चं नोबेल श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी मिळालं, सोड्यासाठी नव्हे.

चमचाभर सोड्यात हजार मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. घरात रक्तदाबाचे, हृदयाचे, किडनीचे पेशंट आहेत, म्हणून मला काळजी वाटते. किडनीच्या काही पेशंटना डॉक्टर सोडा देतात, पण रक्त तपासून, मोजून.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हे कळवा.