घालून बघायचं नाही!

सोलमध्ये भुयारी बाजारात कपडे घालून बघू देत नाहीत, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. विद्यापीठाच्या ओरिएंटेशनमध्ये कचरा कसा वेगळा करायचा यावर अर्धा तास बोलले. पँटबद्दल अक्षर नाही.

एक्स्प्रेस बस टर्मिनलच्या खाली सुमारे 880 मीटर लांब बाजार आहे, सहाशेच्या वर गाळे. एका गाळ्यावर काळी पँट दिसली, 10,000 वॉन, म्हणजे आपले सहाशेच्या वर. मी हात लावला मात्र, आतून आजुम्मा उगवली. आजुम्मा म्हणजे तिथली काकू. बारीक कुरळे केस, डोक्यावर वायझर, कंबरेला पैशांचा बटवा. मी खुणेनंच विचारलं, घालून बघू? तिनं दोन्ही हातांची फुली करून माझ्या नाकासमोर धरली.

"आन द्वेयो! फ्री साइज!"

मग प्रात्यक्षिक. पँटचं इलॅस्टिक तिनं गलोलीसारखं ताणलं आणि सोडलं. माझा चेहरा तसाच. तेव्हा तिनं पँटची कंबर माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. गळ्याला पुरली की कंबरेला पुरते, असं तिचं शास्त्र. भर बाजारात मी गळ्यात पँट घालून उभी. तेवढ्यात कांद्याच्या पातीची पिशवी घेतलेली दुसरी आजुम्मा थांबली. हिचा काय संबंध? तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मध्ये जरा जास्त वेळ रेंगाळली, माझ्या कंबरेवर एक थाप मारली आणि निकाल दिला, "ग्वेन्चाना!" चालतंय. मग दोघींची चर्चा रंगली. वर्गात शिकलेल्या माझ्या कोरियन भाषेला त्यातले 'भारत' आणि 'भात' एवढेच शब्द सापडले. उरलेलं वाक्य मी स्वतःच जुळवलं आणि अजून विसरलेले नाही.

घालून का बघायचं नाही, तर म्हणे मेकअपचे डाग पडतात. पँटला? मी काय ती डोक्यातून घालणार होते? आपला लक्ष्मी रोडवरचा दुकानदार खवट असेल, पण कोपऱ्यात एक पडदा तरी लावून ठेवतो. तो पूर्ण सरकत नाही, ही गोष्ट वेगळी.

पैसे रोख दिले. पिशवी घेऊन मेट्रोच्या नऊ नंबरच्या लाइननं दोंगजाक, तिथून चार नंबरनं हान नदी ओलांडून इचॉन. राष्ट्रीय संग्रहालय 2005 पासून तिथं आहे. कायमच्या दालनांना तिकीट नाही आणि बाथरूम लखलखीत. माझी ट्रायल रूम तीच. पँट मांड्यांपर्यंत आली आणि तिथंच थांबली. वर जाईना, खालीही येईना. बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं.

सुटका झाल्यावर दालनात गेले, तर समोर 1348 सालचा दहा मजली संगमरवरी पगोडा, साडेतेरा मीटर उंच. 1907 मध्ये एका जपानी मंत्र्यानं तो सुटा करून चक्क जपानला पळवला होता. 1918 मध्ये तो कोरियाला परत आला. एवढा मोठा पगोडा परत येतो. माझ्या पँटच्या गाळ्यावर मात्र 'बदली नाही, परतावा नाही' अशी पाटी!

वरच्या मजल्यावर अंधाऱ्या खोलीत ते दोन प्रसिद्ध चिंतनमग्न बोधिसत्त्व बसलेत, गालाला बोट लावून. लोक म्हणे तिथं शांत होतात. मी त्यांच्या कंबरा पाहिल्या. दोन हात उंच मूर्तीला मुठीएवढी कंबर. फ्री साइज यांच्या मापानं काढतात, अशी माझी खात्री झाली.

राग पँटचा नाहीच. तीच पँट ऑनलाइन मागवली असती, तर इथल्या कायद्यानं सात दिवसांत परत करता आली असती. दुकानापर्यंत पायपीट करणाऱ्याला ती सोय नाही. वर गळ्यात पँट, कंबरेवर थाप आणि भाताचा हिशोब.

रात्री पँट रूममेटला देऊन टाकली. ती काडीसारखी. तिनं घातली, हात सोडला आणि पँट खाली.

"पट्टा आहे का?" तिनं विचारलं.