ब्रिसेइस होमरमध्येच रडते, ते आत्ता कुणी घुसडलेलं नाही

गेल्या आठवड्यात ताईनं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "हेच चाललंय आमच्याकडे, मी शाळेत मेल करणारे." ताई इंग्लंडमध्ये असते, भाची तिथं ए लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारखं) क्लासिकल सिव्हिलायझेशन, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन जग, शिकतेय आणि तिच्या टीचरनी होमरच्या इलियडच्या, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्याच्या, जोडीला पॅट बार्करच्या 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' या २०१८च्या कादंबरीतली काही पानं वाचायला दिलीत. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रीक कथांवरच्या नव्या कादंबऱ्या शाळेतून काढा, त्यांनी मूळ कथा बिघडते, "बायकांची रडगाणी" हा आजचा अजेंडा आहे, होमरमध्ये ते नव्हतंच, ग्रीक योद्धा अकिलीस आणि त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस यांचं प्रेम २०११ साली एका कादंबरीनं शोधून काढलं, आणि पोरं खोटा इतिहास शिकतात. हाच मेसेज मला आणखी दोन ठिकाणांहून आलाय, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

आधी ते "रडगाणी". मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय, कारण ज्यानं कुणी हे लिहिलंय त्यानं इलियडचा १९वा सर्ग उघडलेलाच नाही. ब्रिसेइस ही लुटीत मिळालेली बाई, अकिलीसच्या वाट्याला आलेली. पहिल्या सर्गात ग्रीक सेनापती अगामेम्नॉनची माणसं तिला घेऊन जातात तेव्हा ती "मनाविरुद्ध" गेली एवढा एकच शब्द होमर देतो आणि पुढे कितीतरी सर्ग ती एक अक्षर बोलत नाही. मग १९व्या सर्गात तिला परत आणतात, ती पॅट्रोक्लसचं प्रेत बघते, त्याच्यावर पडून छाती-गळा-चेहरा ओरबाडते आणि पहिल्यांदाच बोलते, जेमतेम १४ ओळी. पॅट्रोक्लसला उद्देशून काय बोलते? माझ्या नवऱ्याला शहरासमोर मरून पडलेला मी पाहिला, माझे सख्खे तीन भाऊ गेले, अकिलीसनं नवऱ्याला मारलं तेव्हा तू मला रडूही देत नव्हतास, म्हणायचास की अकिलीसशी तुझं लग्न लावून देईन. म्हणजे ज्यानं नवरा मारला त्याच्याशी लग्न, आणि तिच्या आयुष्यात आता तेवढाच आधार उरलेला. आणि लगेच पुढे होमर सांगतो की बाकीच्या बायकाही रडायला लागल्या, निमित्त पॅट्रोक्लसचं होतं पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी रडत होती. हे कुठल्या आजच्या लेखिकेनं नाही लिहिलं, अडीच हजार वर्षांहून जुनं आहे. बार्करनी त्या १४ ओळींमागची बाई धरली आणि बरीचशी कादंबरी तिच्याच तोंडून सांगितली. ज्या मुलीला हे शेजारी-शेजारी ठेवून वाचायला मिळतंय तिच्या हातातून ते काढून घ्यायचं, हे मला अजिबात पटत नाही.

"मूळ कथा" म्हणाल तर कुठली मूळ? ग्रीक लोक स्वतःच कथा बदलत होते. कवी स्टेसिकोरस म्हणाला, जिच्यासाठी युद्ध झालं ती हेलन ट्रॉयला गेलीच नाही, नाटककार युरिपिडीसनं इ.स.पू. ४१२ मध्ये त्यावर अख्खं नाटक केलं, इतिहासकार हिरोडोटसही ती इजिप्तमध्येच होती म्हणतो. आणि ज्या ताईनं 'मृत्युंजय' वाचून कर्णासाठी रात्री जागवल्या तिला नव्यानं सांगितलेली कथा काय देते हे मी का सांगावं.

अकिलीस-पॅट्रोक्लसच्या प्रेमाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. होमर स्पष्ट काही म्हणत नाही हे खरं, पण प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या हरवलेल्या नाटकाचे जे तुकडे उरलेत त्यात ते प्रेमी आहेत आणि तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'सिंपोझियम' या ग्रंथात तर त्या दोघांत प्रियकर कोण आणि प्रिय कोण यावर वाद घातलाय.

आता इतिहास. इथे थोडं मान्य करावं लागतं. कादंबरी वाचून ट्रॉयमध्ये काय घडलं ते कळत नाही, आणि मेडुसावर (केसांच्या जागी साप असलेली ती) देवळात बलात्कार झाला ही गोष्ट पोरं "ग्रीक मूळ" म्हणून सांगतात तेही चूक, ती रोमन कवी ओव्हिडकडची आहे, त्याच्या कितीतरी आधीच्या ग्रीक कवी हेसिअडकडे मेडुसा आणि समुद्रदेव पोसायडन फुलांच्या कुरणात एकत्र येतात आणि बलात्काराचा उल्लेखच नाही. पण मग होमर तरी कुठे युद्धाचा रिपोर्टर होता? जर्मन हौशी उत्खननकार श्लीमाननं होमर खरा धरून तुर्कस्तानातल्या हिसारलिकला, ट्रॉयच्या मानल्या गेलेल्या जागी, खणलं आणि १८७३ मध्ये सापडलेलं सोनं ट्रॉयचा राजा प्रायम याचा खजिना म्हणून जाहीर केलं, ते निघालं ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या हजारएक वर्षं आधीचं. कथा पुन्हा सांगणारा ज्या काळात जगतो त्याचा इतिहास मात्र त्यात नक्की सापडतो. इ.स.पू. ४१६-१५ च्या हिवाळ्यात अथेन्सनं मेलोस बेटावरचे पुरुष मारले, बायका-पोरं गुलाम केली, हे तेव्हाच्या इतिहासकार थ्युसिडिडीसनं लिहून ठेवलंय, आणि त्याच वसंतात युरिपिडीसनं अथेन्सच्याच लोकांसमोर ट्रॉयच्या गुलाम झालेल्या बायका उभ्या केल्या. साहित्य आणि इतिहास एकत्र शिकवायचा तर याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

राहता राहिलं परीक्षेचं, तर तिथं या कादंबऱ्या नाही, होमरचं काव्य विचारतात, भाषांतरातून, आणि भाची तो वाचतेच आहे.

ताई, मेल पाठवायच्या आधी तिचंच पुस्तक घे, १९वा सर्ग काढ आणि २८२व्या ओळीपासून वीस ओळी वाच. त्यानंतरही पाठवावासा वाटला तर पाठव, पण त्यातलं "होमरमध्ये नव्हतंच" हे वाक्य काढून टाक.