फँटसी वाचून मुलं बिघडतात म्हणे

आमच्या गावच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात चार वेळा तोच फॉरवर्ड आला, वेगवेगळ्या काकांकडून. त्यात म्हटलंय की विज्ञानकथा आणि फँटसी वाचून मुलं वास्तवापासून तुटतात, मराठीत हा प्रकार मुळात नव्हताच, सगळी इंग्रजीची नक्कल, आणि कोकणात तर वाचणारे उरलेच नाहीत. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आधी नक्कलेचं बघू. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो उघड उघड, मूळ लेखकाचं नाव सांगून, त्याला नक्कल म्हणणार असाल तर मग बोलणंच खुंटलं. आणि 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत कुणा नारायण विनायक जगतापांच्या ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळालं, ते जगताप म्हणजे जयंत नारळीकर निघाले. नावाच्या वलयामुळे बक्षीस मिळायला नको म्हणून माणसाने आपलीच आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं होतं! ज्याचा अख्खा जन्म विश्वाच्या गणितात गेला त्याला कृष्णविवराची गोष्ट लिहायला कुणाची उसनवारी कशाला लागेल? पुढे 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच झाले. पण लोकांच्या डोक्यात अजून ते ‘शास्त्रज्ञ, जे कथापण लिहायचे’ एवढंच.

वाचनाचं म्हणाल तर रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं आहे, म्हणजे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’ निघायच्याही चार वर्षं आधीचं. आता गर्दी कमी झाली हे मान्य, तिथे मी भांडणार नाही. पण कधीकधी पुस्तक सापडतच नाही त्याचं काय? आमच्या इकडच्या एका वाचनालयात विज्ञानकथा कुक्कुटपालन आणि मोटार रिवाइंडिंगच्या पुस्तकांशेजारी लावल्यात, का तर वर पाटी ‘विज्ञान’. पोरगं शोधणार कुठे.

राहिला वास्तवापासून तुटण्याचा मुद्दा, आणि खरा राग मला ह्याचाच आलाय. अहो काका, तुम्ही स्वतः जत्रेत रात्र रात्र जागून दशावतार बघत मोठे झालात ना? मृदंग घुमला, राक्षस ओरडत आला की मी आजीच्या लुगड्यात तोंड खुपसायचो आणि ती म्हणायची, “घाबरतंस कित्याक, तो आपलो शेजारचो मां!” मलाही माहीत असायचं की हाच माणूस सकाळी कलमांना पाणी घालत होता, तरी भीती वाटायचीच, आणि दुसऱ्या दिवशी त्याच राक्षसाकडून गोळ्या घेऊन खायचो. मानलेलं काय आणि खरं काय ह्यातली रेघ मला शाळेत नाही, तिथे मांडवात कळली. फँटसी वाचणारं पोरगं हेच करतं, ड्रॅगन खरा नाही हे त्याला पहिल्या पानाआधीच ठाऊक असतं, उलट नियम एकदा ठरला की लेखकाने तो मध्येच मोडला तर सगळ्यात आधी तेच बोंबलतं.

रेघ चुकते ती दुसरीकडेच. ह्याच ग्रुपवर दर वर्षी येतं की हेलियमचा शोध लॉकयर ह्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने ग्रहण बघताना विजयदुर्गावरून लावला, सोबत त्याने दुर्बीण लावली म्हणतात त्या किल्ल्यावरच्या ओट्यांचा फोटो, आणि आपण सगळे अभिमानाने पुढे ढकलतो (मीपण ढकललाय, दोनदा). 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास ग्रहण झालं हे खरं, पण ते बघायला आलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन होता आंध्रातल्या गुंटूरला आणि लॉकयर होता इंग्लंडात, सूर्याच्या वर्णपटातली जी पिवळी रेषा हेलियमची निघाली ती त्याने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिकडूनच बघितली. विजयदुर्ग आमचा जीव की प्राण आहे, त्याला हेलियमची गरज नाही. आणि हा फॉरवर्ड खरा मानणाऱ्यांत एकही फँटसी वाचणारं पोरगं नव्हतं, माझ्या नववीतल्या पुतणीनेच मला विचारलं की काका, लॉकयर इथे आला कधी, बोटीने का? मला उत्तर देता आलं नाही, मग शोधत बसलो.

18 ऑगस्टला तो फॉरवर्ड परत येईलच. ह्या वेळी उत्तर तीच टाकणार आहे, मी फक्त अंगठा देणार.