‘नुसता गॅस भरून द्या’ या तक्रारीवर गॅरेजचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. तक्रार अशी की, गाडीच्या एसीत नुसता गॅस भरून मागितला तरी आम्ही भरला नाही, आधी लीक शोधायचा आग्रह धरला आणि त्या तपासणीचे वेगळे पैसे सांगितले. गॅसचा कॅन आणून घरीच भरला असता तर हजारात काम झालं असतं, असंही तुम्ही लिहिलंय. गळक्या सिस्टिममध्ये गॅस भरायचा नाही, यावर आम्ही ठाम आहोत. पण घरी काम करायची तुमची तयारी असेल, तर लीक शोधण्याचा भाग घरी होऊ शकतो. तो कसा करायचा ते सांगतो.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांमधून तोच फिरत राहतो. गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात संपला, म्हणजे कुठेतरी वाट आहे. नवा गॅसही त्याच वाटेने जाणार, आणि जाताना कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचं, थोडं थोडं तेल घेऊन जाणार. कॉम्प्रेसर तेलाविना घासला की धातूचा बारीक कीस कंडेन्सर (गाडीच्या पुढची, गॅस थंड करणारी जाळी) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत (गॅस सोडणारं बारीक छिद्र) पोहोचतो. मग खर्च एका ओ-रिंगचा (जोडातल्या रबरी कड्याचा) राहत नाही.

कॅनसोबत मिळणाऱ्या छोट्या गेजवर (दाब दाखवणाऱ्या काट्यावर) विसंबू नका. इंजिन बंद असताना आर-134ए चा, म्हणजे एसीतल्या या गॅसचा, दाब फक्त तापमानावर ठरतो: 30 अंशांना सुमारे 97 पीएसआय (दाबाचं एकक), 40 अंशांना 130 च्या पुढे. आत थोडासा जरी द्रव गॅस शिल्लक असेल, तरी 150 ग्रॅमला आणि 400 ग्रॅमला काटा तिथेच दिसतो. 30 अंशांच्या गाडीत तो 40-50 दाखवत असेल, तर द्रव संपलाय, म्हणजे बहुतेक गॅस गेलाय. एसी चालू असताना हे गेज फक्त लो साइड, म्हणजे कमी दाबाची बाजू, दाखवतं. हाय साइड, म्हणजे जास्त दाबाची बाजू, 300 च्या वर गेली तरी कळत नाही, आणि काटा हिरव्या पट्ट्यात आणायच्या नादात गॅस जास्त होतो. जास्त गॅसने कूलिंग कमीच होतं. लहान हॅचबॅकमध्ये साधारण 350 ते 450 ग्रॅम गॅस बसतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर आहे. त्यात 50 ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक जाणवतो, म्हणून गॅस वजन करूनच भरायचा.

आता लीक. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. गॅससोबत तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, त्यामुळे सांध्यावरचा तेलकट काळा डाग ही पहिली खूण. कंडेन्सरचा समोरचा भाग आणि खालचे कोपरे, नळ्यांचे जोड, कॉम्प्रेसरच्या क्लचमागचं सील, आणि टोपीखालचे दोन सर्व्हिस व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हची पिन अगदी स्वस्त असते आणि पुष्कळदा तीच गळते. टोपी काढून पिनवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. फुगा हळूहळू मोठा होत असेल, तर चोर सापडला. साबणाचं पाणी मोठ्या लीकलाच चालतं. बारीक लीकसाठी 5 ते 7 मिली यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) लो साइडने टाका, चार-पाच दिवस एसी लावून गाडी चालवा आणि रात्री पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्चने पाहा. जास्त डाय टाकू नका, तेल पातळ होतं. रेडिएटरचं कूलंटही यूव्हीखाली चमकतं, त्यामुळे कंडेन्सरच्या मागच्या बाजूचा डाग पाहून फसू नका.

बाहेर कुठेच काही नाही दिसलं, तर संशय डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर. तिथे टॉर्च पोहोचत नाही. गाडीखाली एसीचं पाणी गळतं त्या ड्रेन पाइपच्या तोंडाला डाय चमकतोय का पाहा. गॅस हुंगणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर ब्लोअर काही सेकंद फुल लावून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग त्याचं टोक (प्रोब) ड्रेनपाशी धरा. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून प्रत्येक जोडाच्या खालच्या बाजूने प्रोब सावकाश फिरवा. आमच्या तपासणीचे पैसे याच कामाचे आहेत. त्यात नायट्रोजनने 150 पीएसआयची प्रेशर टेस्ट येते. ती घरी करू नका. कॉम्प्रेस्ड हवेतून पाणी आत जातं, आणि ऑक्सिजन तेलाशी आला तर स्फोट होऊ शकतो.

लीक सापडला तरी लगेच नट सोडू नका. आत राहिलेला गॅस हवेत सोडायचा नसतो. एक किलो आर-134ए हवेला तापवतो तो सुमारे 1430 किलो कार्बन डायऑक्साइडइतका. गाडी इथे आणा, मशिनने गॅस काढून देतो. त्यानंतर ओ-रिंग किंवा कंडेन्सर तुम्ही स्वतः बदललात तरी चालेल. एसीसाठीची हिरवी एचएनबीआर रबराची ओ-रिंग घ्या, साधं रबर नको. ती गाडीच्याच ग्रेडच्या पीएजी तेलात (एसी कॉम्प्रेसरचं तेल) बुडवून बसवा. कंडेन्सर बदलला तर साधारण 30 मिली तेल वाढवावं लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. उघडी तोंडं लगेच बंद करा, पीएजी तेल हवेतली ओल शोषतं. सिस्टिम बराच वेळ उघडी राहिली असेल तर ओल शोषणारा ड्रायरही बदला. कंडेन्सरच्या भोकावर एपॉक्सी लावू नका, दोनशे पीएसआयला ते टिकत नाही. लीक बुजवणारं रसायन तर अजिबात टाकू नका. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बसतं आणि आमचं रिकव्हरी मशिनही खराब करतं. ते टाकलं असेल तर गाडी आणताना सांगा.

गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल, तर यातलं काहीच घरी करू नका. तिथे बहुधा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि तेलही वेगळं लागतं.

जोड घट्ट करून गाडी आणलीत, तर अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा काढणं), मग पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलतो का ते पाहणं, आणि स्टिकरप्रमाणे वजन करून गॅस, एवढ्याचेच पैसे घेऊ. गॅस काढून घेण्याचे पैसे त्यात धरलेत. येताना बदललेला जुना भाग सोबत आणा.