आजी गेली आणि शाळा सुटली : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुम्ही मन लावून लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

तुमचं म्हणणं असं, की परिस्थितीचं कारण पुढे करून मी आईबापांच्या चुकांवर पांघरूण घालतो. तुमचे वडील सोलापूरच्या गिरणीत तीन पाळ्यांत राबले, एका खोलीत तुम्ही चार भावंडं आजीजवळ वाढलात आणि चौघंही शिकलात. "संस्कार घरातून येतात. पोरीचं चौदाव्या वर्षी लग्न लावणाऱ्या घरात ते नसतात, एवढं लिहायला तुम्ही का कचरता?" आणि शेवटी, मास्तर म्हणून मी स्वतः काय करतो, असं विचारलंय.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. दारूबद्दल मी लेखात एक अक्षर लिहिलं नाही. मुलाला गावात ठेवायचं आणि मुलीला भावंडं सांभाळायला फडावर, म्हणजे तोडीच्या शेतावर न्यायचं, हा दुजाभाव मी दरवर्षी डोळ्यांनी बघतो, तोही लिहायचा राहिला. ती माझी चूक आहे.

पण त्या घरांत संस्कार नसतात, हे मला मान्य नाही. का, ते एका घराचं सांगतो.

मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका वाडीवर शिकवतो. चौथीत एक मुलगी होती. आईबाप दिवाळी झाली की कोल्हापूरकडे तोडीला जायचे, ही आजीजवळ राहायची. आजीकडे फोन नव्हता आणि माझी खोली त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून, त्यामुळे आईचा फोन माझ्या मोबाईलवर यायचा. रात्री साडेआठला, रोज. मुलगी पुस्तक घेऊन यायची आणि त्या दिवशी शिकवलेला धडा आईला फोनवर वाचून दाखवायची. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज ऐकू यायचा. आई शाळेची पायरी चढलेली नव्हती. तरी एकदा मुलगी एका जोडाक्षराशी अडखळली आणि तो शब्द गिळून पुढे गेली, तर तिकडून लगेच आवाज आला, "मधी कायतरी सोडलंस तू. परत वाच."

पहाटे तीनला उठून फडात जाणारी बाई दिवसाच्या शेवटी हे करत होती. याला संस्कार म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

मुलगी सहावीत असताना श्रावणात आजी गेली. दिवाळीनंतर ट्रॅक्टर आला. भांडी, शेळी, बाजेचं लाकूड आणि कोंबड्यांची पाटी चढली, त्यांच्याबरोबर मुलगीही चढली. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा वर्गाच्या बरीच मागे पडली होती. तिकडे दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन कोपी, म्हणजे फडाजवळची राहायची झोपडी राखायची, पाणी आणायचं, दुपारून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे बांधायचे, असा तिचा दिवस होता. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या हंगामात, पंधरावं लागायच्या आत, तिकडेच तिचं लग्न लावून दिलं. मला ते एप्रिलमध्ये कळलं. मी रागाने तिच्या घरी गेलो. कायदा सांगितला, अठराची अट सांगितली. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, आम्ही दोघं फडात. कोपीला दार आसतंय का? हिला कुणाच्या भरवशावर सोडू?"

तिनं केलं ते चूकच होतं. तेव्हा तिला तसं म्हणालो, आजही म्हणतो. पण आई तीच होती, बाप तोच होता. मधल्या काळात त्या घरातून एक म्हातारी तेवढी कमी झाली होती. तुमच्या घरी तुमची आजी होती, हे तुम्हीच लिहिलंय. वडील रात्रपाळी करून का होईना, त्याच खोलीत परत यायचे. म्हणून तुमच्या घरचे संस्कार तुमच्यापर्यंत पोचले.

तोडीच्या घराची रचनाच वेगळी असते. तिथे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मजूर गोळा करणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम देतो ती जोडीला, एकट्या माणसाचा धरला जातो अर्धा कोयता. म्हणून पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. पोरगी उजवली की तिला राखायची काळजी मिटते. शहरात आपण लग्नाला कौटुंबिक निर्णय म्हणतो. इथे तोच निर्णय उचलीच्या आकड्याशी बांधलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीडमध्ये हेच प्रमाण चाळिशीच्या पुढे आहे. आता एका जिल्ह्यातले आईबाप बाकीच्या राज्यापेक्षा दुपटीने वाईट आहेत, असं तर तुम्ही म्हणणार नाही.

तब्येतीचंही तसंच. २०१९ मध्ये गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांची ओरड झाली, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. पिशवी काढायचं या बायकांच्या मनात का येतं, तेही बघा. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पाळीत पोट दुखलं म्हणून बसलं की खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. अशा बाईला डॉक्टर म्हणाला, पिशवी काढ, सगळं थांबेल, तर ती हो म्हणते. तिशी-पस्तिशीत ऑपरेशन होतं, पुढे कंबर धरते, आणि मोळी उचलायला घरातली थोरली पोर लागते. आईच्या दुखण्यापायी पोरीची शाळा अशी सुटते.

आणि पैसा. २०२४ च्या दरवाढीनंतर टनाला साधारण ३६६ रुपये मिळतात. दोघांनी मिळून दिवसात दोन टन तोडला, तर ७३२ रुपये हाती येतात, तेही दोघांत. उचल घेतलेली असते लाखाच्या घरात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, तरी ती फिटलेली नसते, आणि बाकी पुढच्या हंगामावर चढते.

तुमचा शेवटचा प्रश्न, मी काय करतो. आईबापांना संस्कार शिकवायला जात नाही. घरातली आजी गेली असेल, तर तिच्या जागेवर दुसरं कोण उभं राहू शकतं, एवढं बघतो. हंगामी वसतिगृहात पोरांना दोन वेळचं जेवण मिळतं, पण आमच्याकडे रात्री झोपायला नातेवाइकाचंच घर लागतं. सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ८२ वसतिगृहं मंजूर केली, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. त्यातलं एखादं त्या मुलीच्या सहावीच्या वर्षी आमच्या जवळ चालू असतं, तर तिच्या आईला कुणाच्या भरवशावर सोडू, असं विचारावं लागलं नसतं. म्हणून दर दसऱ्याला मी वही घेऊन घरोघर फिरतो.

यंदा वाडीतले २३ कोयते गेले. त्यांची शाळेतली मुलं १९. आजीआजोबांकडे नऊ राहिली. हंगामी वसतिगृहात जेवून चुलत्या-मावशीकडे झोपणारी चार. तालुक्याच्या वसतिगृहात दोन. उरली चार, ती आईबापांबरोबर गेली. त्यांच्याजवळ शिक्षण हमी कार्ड दिलंय, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं, आणि ती जिथे उतरली, तिथल्या शाळेतल्या शिक्षकांना मी फोन करतो. दोघांची नावं तिथे लागली. बाकी दोघांची टोळी कारखान्याने मागच्या आठवड्यात दुसऱ्या गटात हलवली. मुकादमाने नव्या गावाचं नाव कालच सांगितलं, तिथल्या शाळेचा नंबर मिळवतोय.