९.७९ आणि ९.७९, तरी सुवर्ण एकालाच कसं?

पॅरिस ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीचा (४ ऑगस्ट २०२४) फोटो-फिनिश (अंतिम रेषेवर कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र) पुन्हा व्हॉट्सअॅपवर फिरतोय. त्या शर्यतीत अमेरिकेचा नोआ लाइल्स पहिला, जमैकाचा किशेन थॉम्पसन दुसरा आला. सोबत दावा: ‘थॉम्पसनचा पाय आधी रेषेपार गेला, दोघांची वेळही ९.७९ सेकंद. तरी कॉम्प्युटरने लाइल्सला जिंकवलं.’

पाय पुढे दिसतोय, हे खरं. पण नियमात पाय, डोकं, हात यांपैकी काहीच धरत नाहीत. धड अंतिम रेषेच्या उभ्या प्रतलाला कधी पोचलं, तेवढंच मोजतात. म्हणून तर धावपटू शेवटी छाती पुढे टाकतात.

वेळ खरंच सारखी होती का? नाही. लाइल्स ९.७८४, थॉम्पसन ९.७८९. अधिकृत निकालात वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत देतात आणि तीही नेहमी वरच्या आकड्याकडे नेऊन. शाळेतल्या गणिताने ९.७८४ चे ९.७८ झाले असते, इथे ९.७९ होतात. घोळ इथेच होतो. क्रम मात्र हजाराव्या भागावर लागला.

राहिला कॉम्प्युटर. कॅमेरा फक्त अंतिम रेषेची चिंचोळी पट्टी सेकंदाला हजारो वेळा टिपतो, सॉफ्टवेअर त्या पट्ट्या जोडून चित्र करतं. त्यावर धडाच्या कडेला रेघ कुठे, हे फोटो-फिनिशचे पंच ठरवतात. निकालपत्रक त्यानंतरचं. जिल्हा स्पर्धेतही सॉफ्टवेअरमध्ये नुसते दोनच दशांश भरले, तर हीच ‘बरोबरी’ पडद्यावर दिसेल.